अस्वलाने बोटं नेली, ठेकेदाराने अंगठा घेतला: प्राणिसंग्रहालयातल्या अपघाताची भरपाई

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी हकीकत थोडक्यात सांगते, मग उत्तर.

तुम्ही इंदूरच्या सुदामानगरात राहता. यजमान चाळीस वर्षांचे, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्राणिसंग्रहालयात कीपर. संग्रहालय तिथल्या नगरसंस्थेचं, माणसं मात्र ठेकेदाराची. ऑगस्ट २०२५ मध्ये एका संध्याकाळी अस्वलांना मैदानातून रात्रीच्या खोलीत घेताना सरकत्या दरवाजाची खीळ बसेना. यजमानांनी हाताने ती ढकलली, तेवढ्यात आतलं अस्वल वळलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली, तर्जनी वाकत नाही. नवव्या दिवशी ठेकेदार दवाखान्यात आला, चाळीस हजार रोख दिले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. आता तो म्हणतो, 'खीळ लावायला हात का घातलास, चूक तुझी.' संग्रहालयाचं कार्यालय म्हणतं, 'हा आमचा माणूसच नाही.' पगार बारा हजार, त्यातले नऊ खात्यात आणि तीन हातात. तुमचा प्रश्न एवढाच की काही मिळेल का, आणि मिळणार असेल तर किती.

मिळेल. चाळीस हजारांच्या कितीतरी पट मिळायला हवं. मी सव्वीस वर्षं श्रम न्यायालयात वकील म्हणून उभी राहते. माझ्या पाहण्यात अशी प्रकरणं जनावराच्या किंवा कीपरच्या चुकीमुळे फारशी हरली नाहीत. ती हरतात पहिल्या पंधरा दिवसांत तयार झालेल्या, किंवा तयार न झालेल्या, कागदांमुळे. तुमचे पंधरा दिवस तर कधीच उलटले. पण बरंचसं अजून सावरता येईल.

आधी कायदा कुठला ते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा तिच्यात सामावला गेला. कोर्टाच्या गल्लीत त्याला अजूनही सगळे 'वर्कमेन कंपेन्सेशन'च म्हणतात. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी जन्माला येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. तुमचा अपघात ऑगस्टचा, त्यामुळे तुमचा हिशोब १९२३ च्या कायद्यानेच होईल. कुणी 'आता नवीन कायदा आलाय, जुनं सगळं रद्द' असं सांगून घाबरवलं तर ऐकून सोडून द्या.

आता 'चूक तुझी' या वाक्याकडे येते, कारण याच वाक्याने निम्मी माणसं घरी बसतात. या कायद्यात चूक कुणाची हा प्रश्न मुळात विचारलाच जात नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झाला का, एवढंच बघायचं. मालकाला सुटायचं असेल तर तीनच वाटा आहेत: माणूस दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा केलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन त्याने मुद्दाम काढून टाकलं. तिन्ही सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. 'जाणूनबुजून' हा शब्द नीट लक्षात ठेवा. घाई, विसर, सवयीने आलेला बेफिकीरपणा यांतलं काहीही त्यात बसत नाही. शिवाय 'स्पष्टपणे केलेला नियम' म्हणजे तो कुठेतरी लिहिलेला, वाचून दाखवलेला, भिंतीवर लावलेला असायला हवा. अस्वलाच्या खोलीजवळ 'जनावर आत असताना दरवाजाला हात लावू नये' असा फलक होता का? यजमानांना विचारा. नसेल तर ठेकेदाराचा बचाव तिथेच लंगडा पडतो. असला तरी माझा पुढचा प्रश्न तयार आहे: खीळ हाताने लावल्याशिवाय बसतच नव्हती, आणि हे किती दिवस चाललं होतं? शिवाय मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर या तिन्ही वाटा मालकाला मुळातच बंद असतात.

आता 'आमचा माणूस नाही' हे पाहू. ठेक्यावरचा माणूस कामावर जखमी झाला तर मूळ मालक, म्हणजे ज्याचं काम तो करत होता तो, भरपाईला थेट जबाबदार असतो. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, ती त्याची डोकेदुखी. हे कलम १२. पण त्यात एक मेख आहे: काम मालकाच्या 'व्यापार-धंद्याचा' भाग असावं लागतं. म्हणून नगरसंस्थांचे वकील उभे राहून सांगतात, 'आम्ही काय धंदा करतो? आम्ही लोकांची सेवा करतो.' ऐकायला छान वाटतं. पण त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की स्थानिक संस्थेची कामं या कायद्यापुरती तिचा धंदाच मानली जातील. मी हे कलम अर्जाच्या पहिल्याच पानावर घालते, म्हणजे तो युक्तिवाद उभा राहण्याआधीच बसतो. अपघात मूळ मालकाच्या ताब्यातल्या जागेवर झाला पाहिजे अशीही अट आहे. अस्वलाची खोली कुणाच्या ताब्यात असते, हे सांगायला वकील लागत नाही.

मग 'कर्मचारी' कोण? कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची एक लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात हत्ती किंवा वन्य प्राण्यांना शिकवणं, सांभाळणं किंवा कामाला लावणं हे काम नाव घेऊन आलं आहे. हत्तीचं नाव वेगळं घेतलंय ते मला नेहमी गमतीचं वाटतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी माहूत जवळून पाहिले असावेत. रखवालदार वेगळ्या नोंदीत येतात. पिंजरा धुणारा, मांस कापून टबात भरणारा, पाण्याचा पाइप धरणारा हे सगळे 'सांभाळणं' या शब्दात येतात, असं मी मांडत आले आहे. धोका एकट्या कीपरला असतो असंही नाही. मार्च २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या सयाजीबागेत पाणघोड्याने हल्ला केला, तेव्हा क्युरेटर आणि एक सुरक्षारक्षक असे दोघे जखमी झाले होते. आणि रोजंदारी, हंगामी, 'कॅज्युअल' या शब्दांना आता घाबरू नका. २००० च्या दुरुस्तीने तो अडथळा काढून टाकला.

इथवर सगळं तुमच्या बाजूचं. आता त्रासाचं.

दवाखान्याचा कागद. यजमानांना पहिल्यांदा कुठे नेलं, तिथे भरती करताना 'कशामुळे झालं' या रकान्यात काय लिहिलं, हे तुम्ही कळवलेलं नाही. मला सगळ्यात जास्त भीती त्याच ओळीची वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक माणूस आला होता. तरसाने पोटरी फाडलेली. गाडीत घालून नेणाऱ्या सुपरवायझरने दवाखान्यात सांगितलं, 'कुत्रा चावला.' कारण विचारलं तर म्हणे, साहेबांनी सांगितलं होतं, पेपरात यायला नको. त्या दोन शब्दांपायी आम्ही चौदा महिने कोर्टात पेश्या, म्हणजे तारखा, केल्या. शेवटी कशाने सुटलो? प्राण्यांच्या डॉक्टरच्या वहीने. त्याच दिवशी त्याच तरसाच्या नावापुढे 'दाढेला इजा, दरवाजाच्या सळीला धडक' अशी नोंद होती. माणसाचा कागद खोटं बोलत होता आणि जनावराचा खरं.

म्हणून तुमच्यासाठी पहिलं काम: त्या दवाखान्यातून भरतीच्या दिवसापासूनचे सगळे केस पेपर मागवून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही, आतला पूर्ण गठ्ठा हवा. सरकारी दवाखाना असेल तर पोलिसांना कळवल्याची नोंदही असायला हवी, तिचा नंबर घ्या. कारण चुकीचं लिहिलेलं असेल तर आता खाडाखोड करायला सांगू नका. त्याने आणखी संशय येतो. आपण ते दुसऱ्या पुराव्याने खोडू.

दुसरा पुरावा आहे, आणि भरपूर आहे. प्राणिसंग्रहालय ही नोंदींवर चालणारी जागा असते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय ते चालवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्यासाठी वेगळं प्रकरण आहे, आणि मान्यता टिकवायची तर वह्या ठेवाव्याच लागतात. कीपरची रोजची डायरी किंवा रिपोर्ट, खाद्य वाटपाची वही, प्रत्येक जनावराचा इतिहास, डॉक्टरच्या फेरीची नोंद, दरवाजे-कुलपांच्या दुरुस्तीच्या तक्रारी. तुमच्या प्रकरणात ही शेवटची वही सोन्याची. खीळ बसत नाही अशी तक्रार आधी कुणी लिहिली असेल तर 'चूक तुझी' तिथेच संपलं. यजमान म्हणतील, 'तोंडी सांगितलं होतं.' असेल, कीपर लोक तोंडीच सांगतात. मग ज्याला सांगितलं त्याचं नाव, आणि त्या वेळी तिथे कोण उभं होतं तेही लिहून काढा.

संग्रहालय नगरसंस्थेचं असल्यामुळे माहितीच्या अधिकाराचा अर्ज चालतो. अपघाताच्या महिन्याचं मस्टर, ठेक्याची वर्क ऑर्डर आणि करारनामा, ठेकेदाराची पगारबिलं, अपघाताबद्दल वर पाठवलेला अहवाल, अस्वलाच्या खोलीच्या दुरुस्तीचे कागद, एवढं नेमकं मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'अपघाताची सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. सीसीटीव्ही तर बहुतेक पुसलं गेलं असेल. तरी मागा, कारण 'उपलब्ध नाही' हेही आपल्याला लेखी हवंच असतं.

आता तो अंगठा. यजमान शिकलेले आहेत, बँकेत सही करतात असं तुम्ही लिहिलंय. मग नवव्या दिवशी डाव्या हाताचा अंगठा का? कारण उजवा हात बँडेजमध्ये होता. उद्या ठेकेदार तो कागद भरून 'सर्व हिशोब पूर्ण झाला, तक्रार नाही' असं लिहून आणेल. आणू दे. सही करणाऱ्या माणसाचा अंगठा, तोही दवाखान्याच्या खाटेवर घेतलेला, हे कुठल्याही न्यायाधीशाच्या पहिल्याच नजरेत भरतं. त्याहून पक्की गोष्ट अशी की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्यात मुळातच रद्दबातल असतो. समझोता करायचाच तर तो या कायद्याखालच्या आयुक्तांपुढे, म्हणजे आपल्याकडे श्रम न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे, नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी आहे असं त्यांना वाटलं तर ते नोंदणी नाकारू शकतात. ते चाळीस हजार कशासाठी होते, हे कुणापुढे बोललं गेलं होतं का? 'इलाजासाठी घे' असं म्हणून दिले असतील तर ते भरपाईतून कापता येत नाहीत. उपचारासाठी मालकाने दिलेले पैसे भरपाई धरायचे नाहीत, असं कायदाच सांगतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो. म्हणून औषधांच्या पावत्या, रेबीजच्या सुयांच्या पर्च्या, इंदूरला ये-जा केल्याची तिकिटं, सगळं एका पिशवीत ठेवा. पावत्यांवरची शाई उडते, आत्ताच फोटो काढून घ्या.

आता पैशाचा हिशोब. हा जरा सावकाश वाचा, कारण सगळी लढाई शेवटी इथेच होते.

कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या साठ टक्क्यांना वयाच्या गुणांकाने गुणतात. चाळिशीचा गुणांक १८४.१७. पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. तुमचा पगार १२,००० सिद्ध झाला तर ७,२०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,२६,०२४ रुपये. हे शंभर टक्क्यांचं. ठेकेदाराच्या कागदावरचे ९,००० च धरले तर हाच आकडा ९,९४,५१८ वर येतो. हातात दिलेले ते तीन हजार सव्वातीन लाखांहून जास्त फरक पाडतात. म्हणून पगाराचा पुरावा. पासबुक आहेच, शिवाय फोनवर आलेले 'पैसे ले जाना' छाप मेसेज, बरोबरच्या दोन-तीन कीपरांच्या साक्षी, उधारीच्या वहीतल्या महिन्याच्या महिन्याला केलेल्या परतफेडी. राज्याने जाहीर केलेला किमान वेतनाचा दर काढा. कागदावरचा पगार त्याहूनही कमी निघाला तर ठेकेदार दुहेरी अडकतो.

मग टक्के. पहिल्या अनुसूचीत अवयवांचे भाव ठरलेले आहेत. वाचायला कसंतरी वाटतं, पण तसंच आहे: अंगठा ३०, एका हाताची चारही बोटं ५०, तीन बोटं ३०, दोन २०. ठेकेदाराचा किंवा विमा कंपनीचा वकील ही अनुसूची उघडून म्हणेल, 'तीन बोटं, तीस टक्के, ३,९७,८०७ रुपये, विषय संपला.' विषय तिथे संपू द्यायचा नाही. कायदा भरपाई देतो ती कमावण्याची ताकद गेल्याबद्दल. नुसत्या मांसाचा आणि हाडाचा तो भाव नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ च्या रिपोर्टांत छापलेला एक निकाल आहे, प्रतापनारायण सिंहदेव विरुद्ध श्रीनिवास सबता. सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. अनुसूचीप्रमाणे सत्तर टक्के. आयुक्त म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून शंभर. चार न्यायाधीशांनी ते कायम ठेवलं. समोरचे वकील उलट निकालही दाखवतील, तेही आहेत; म्हणून नुसता निकाल दाखवून भागत नाही, पुरावा असा उभा करावा लागतो की आकडा आपोआप वर सरकेल.

तो कसा करायचा ते एका प्रसंगातून सांगते. तरसवाल्या प्रकरणाच्या आसपासच माझ्याकडे आणखी एक कीपर होता, उजव्या हाताची नस तुटलेला. बोटं शाबूत, म्हणून डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर वीस टक्के लिहिले होते. मी बोहरा बाजारातून पिंजऱ्याला लावतात तसलं एक जाडजूड पितळी कुलूप आणलं. साक्षीच्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, हा माणूस काय काम करतो ते तुम्हाला माहीत होतं? नाही म्हणाले, पर्चीवर 'मजूर' लिहिलं होतं. मग आयुक्तांच्या परवानगीने कुलूप टेबलावर ठेवलं आणि त्याला म्हटलं, उजव्या हाताने उघड. किल्ली त्याने पकडली. ती फिरेना. त्याने दुसरा हात पुढे आणला, मी म्हटलं, त्या हातात काठी आहे असं समज. किल्ली टेबलावर पडली, खाली घरंगळली, त्याने वाकून उचलली, पुन्हा लावली, पुन्हा पडली. खोलीत कुणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं की दरवाजे-कुलपांचं आणि वजन उचलण्याचं काम असेल तर या हाताने ते होणार नाही. निकालात पंचावन्न टक्के लागले. मला शंभर हवे होते, ते मिळाले नाहीत.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत तर वाकत नसलेली तर्जनी आहे. ती तीन बोटांच्या हिशोबात येतच नाही, ती वेगळी मोजावी लागेल. अनुसूचीच्या टिपेत लिहिलं आहे की अवयवाचा उपयोग कायमचा आणि पूर्ण गेला तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा. म्हणजे हाताच्या चार बोटांचा युक्तिवाद आपल्याकडे उघडा आहे, आणि त्यावर कीपरच्या कामाचा. मेडिकल बोर्डाकडे जाल तेव्हा एक कागद बरोबर न्या, साध्या भाषेत लिहिलेला: सकाळी सहाला किती दरवाजे उघडायचे, खाद्याचा टब किती किलोचा, पाइप किती वेळ धरायचा, जनावर आडवं आलं तर काय करायचं. डॉक्टर मंडळी वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. आणि अपंगत्वाचं ते कार्ड हातात आलं म्हणजे झालं, असं समजू नका. ते योजनांसाठी आहे. कमावण्याच्या ताकदीबद्दल डॉक्टरांचं मत वेगळं घ्यावं लागतं.

कामावर जाता आलं नाही त्या महिन्यांचंही मिळतं: दर पंधरवड्याला पगाराच्या पंचवीस टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबाने तीन हजार. भरपाई वेळेत दिली नाही म्हणून वर्षाला बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. दोन्ही तुमच्याच हातात येतात. दंड विमा कंपनी सहसा देत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो. म्हणून अर्जात दंड मागायला विसरायचं नाही. बरेच वकील विसरतात.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी तपासा: पगारातून ई.एस.आय., म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापलं जात होतं का? कापलं जात असेल, किंवा ठेकेदाराकडे दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील आणि यजमानांचा पगार २१,००० च्या आत असल्याने ते कापायलाच हवं होतं, तर रस्ता बदलतो. मग भरपाई कर्मचारी राज्य विमा निगमाकडून, आणि ती एकरकमी नाही. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी पगाराच्या नव्वद टक्के, कायमच्या अपंगत्वात दरमहा पेन्शनसारखी. कामावरच्या अपघाताला किती महिने वर्गणी भरली याची अट नसते. ई.एस.आय. लागू असताना १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नाही, तसं कलमच आहे, आणि समोरचे लोक हा मुद्दा शेवटच्या पेशीला काढून दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालतात. नंदानगरच्या ई.एस.आय. कार्यालयात आधार घेऊन जा आणि नावावर विमा क्रमांक आहे का, असेल तर नोंदणीची तारीख कोणती, हे विचारून घ्या. तारीख अपघातानंतरची निघाली तर घाबरू नका, त्या कागदाची छापील प्रत घ्या आणि मला दाखवा. ठेकेदाराची ही जुनी खेळी आहे.

पोलिसांचं म्हणाल तर जनावराबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. तक्रार द्या, पण पैशासाठी नाही. तिचा उपयोग तारीख आणि जागा पक्की होण्यापुरता. दिवाणी दावाही लावता येतो असं कुणी सुचवेल. दोन्ही एकदम चालत नाहीत, एक निवडावा लागतो. तुमच्या परिस्थितीत मी श्रम न्यायालयच निवडेन.

तेही इथलंच. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून दर पेशीला तिकडे जायची गरज नाही. जखमी माणूस जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो, इंदूरचे आयुक्त तिथल्या आयुक्तांना कळवतील. आपल्याकडे श्रम न्यायालयाचे न्यायाधीशच हे आयुक्त. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७. पण तोपर्यंत ठेका बदलेल, सुपरवायझर बदलेल, बरोबरचे कीपर दुसरीकडे जातील. म्हणून ठेकेदार आणि नगरसंस्था दोघांना आधी लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. त्यात तारीख, वेळ, जागा, इजा आणि पगार एवढंच लिहा. राग लिहू नका, तो पुढे उलटतपासणीत वाचून दाखवतात. मग 'एफ' नमुन्यातला अर्ज. त्यात ठेकेदार, नगरसंस्था आणि विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करायचं. कायदा तीन महिन्यांत निकाल लावायला सांगतो. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं धरून चला. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की यजमानांना हल्ली सारखा खोकला येतो आणि त्याचा या गोष्टीशी संबंध नसावा. असेलही, नसेलही. जनावरं किंवा त्यांची कलेवरं हाताळण्याच्या कामातून झालेला संसर्गजन्य आजार या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि त्याला अपघाताचाच दर्जा आहे. बंदिस्त हत्ती-माकडांमध्ये क्षय आढळतो, हे कीपर लोकांना माहीत असतं, पण ते बोलत नाहीत. एम.वाय.ला, इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, नेऊन थुंकीची तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांना सांगताना 'मजूर' नका सांगू, 'प्राणिसंग्रहालयात कीपर' असं सांगा, पर्चीवर तसं लिहिलंय का ते तिथेच वाचून बघा.

हे सगळं जमवून याल तेव्हा यजमानांना घेऊन या, एकट्या येऊ नका. आणि त्यांच्या खोल्यांना लागत होतं त्याच मापाचं एक कुलूप विकत घेऊन घरी ठेवा. ते उघडायला त्यांना किती वेळ लागतो हे मला ते इथे आल्यावरच बघायचं आहे, म्हणून आधी सराव करायला लावू नका.